ब्रेकमधली हवा

परवा जिंतूरच्या एका गॅरेजात ब्रेक ऑइलचा वास आला आणि मला आमच्या अंगणातली एक जुनी सकाळ आठवली. मोटारसायकलच्या ब्रेकमधली हवा मी घरीच काढत होतो. माझी बायको सुमन लिव्हर दाबून धरायची आणि मी पान्यानं नट सैल करायचो. पण नट आवळायच्या आतच तिचा हात सुटायचा आणि हवा परत आत शिरायची.

"धरवंना ओ," ती म्हणाली.

"एवढंबी जमंना का तुला?" मी शेजाऱ्यांदेखत ओरडलो.

मग तिनं ओठ दाबून दोन्ही हातांनी लिव्हर धरला.

तिच्या बोटांतली ताकद जायलीय, हे डॉक्टरांनी वर्षभरानं सांगितलं. आता तिला मीच भरवतो. परवा घास देताना म्हणालो, "त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडायला नको होतं."

"कोणत्या दिवशी?" तिनं विचारलं.