लोणारचं चिलट

अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी तीसेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आणि त्यातली बरीचशी चिलटांच्या मागे घालवली. दिसतात डासासारखी, पण चावत नाहीत. दिवेलागणीला पाण्याच्या काठी त्यांचे थवेच्या थवे उठतात.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना वनखात्याची परवानगी काढून मी लोणारच्या खाऱ्या पाण्याकाठची चिलटं गोळा केली. त्यातले चार नर कुठल्याच माहीत असलेल्या जातीत बसेनात. नराच्या पोटाच्या टोकाला एक बारीकसा चिमटा असतो, आणि जात त्यावरूनच ओळखायची. या चौघांचा चिमटा आत वळलेला, टोकाशी एकच जाड केस. मी महिनोन्‌महिने जुने शोधनिबंध चाळले, डीएनए बाहेरून तपासून आणला. जात नवीनच होती. त्या दिवशी मी विभागात सगळ्यांना पेढे दिले.

पुढच्या आठवड्यात तुलनेसाठी जुनी कपाटं उघडली. एका लाकडी पेटीत लोणारची एक काचपट्टी निघाली, वीस वर्षांपूर्वीची. चिठ्ठीवर गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘नर. वेगळा वाटतो.’ त्याखाली लाल शाईत एका नेहमीच्या जातीचं नाव आणि माझी सही. पट्टी मायक्रोस्कोपखाली ठेवली. चिमटा आत वळलेला होता, टोकाशी एकच जाड केस.

अक्षर कुणाचं ते लगेच आठवलं. दर्यापूरकडच्या एका खेड्यातून रोज बसनं येणारी एम.एस्सी.ची मुलगी. लोणारच्या सहलीत बाकीच्या मुली फोटो काढत होत्या तेव्हा ही जाळी घेऊन चिखलात उतरली होती. तिला याच चिलटावर पीएच.डी. करायची होती. मला नीट आठवत होतं, मी तिला शेजारी बसवलं, पट्टी पाहिली, दाबली गेली की चिमटा असा वाकडा दिसतो हे समजावलं आणि दुसरा विषय शोध म्हणाले. ती एम.एस्सी.नंतर आलीच नाही. लग्न झालं एवढं कानावर आलं होतं.

त्या दिवसापासून प्रयोगशाळेत एकटीनं बसणं मला जड जाऊ लागलं. डोळा भिंगाला लावला की डाव्या खांद्यामागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. भरदुपारी, पंखा चालू, बाहेर मुलांचा गलका, तरी वाटायचं. दोन्ही हातांनी पिशवीचा बंद धरून, मी काय सांगते याची वाट पाहत. मी वळून पाहायची आणि रिकामी स्टुलं दिसायची. पुढे पुढे मी दार सताड उघडं ठेवूनच कामाला बसू लागले. शिपायानं कारण विचारलं तर उकाड्याचं नाव सांगितलं.

तिचा पत्ता काढायला बरेच दिवस गेले. ती अकोल्यात एका शाळेत विज्ञान शिकवत होती. एका शनिवारी बडनेऱ्याहून गाडी धरून मी गेले. शाळा सुटली होती. शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघीच. तिनं मला ओळखलं, पाणी दिलं. मी वाटेत घोकलेलं सगळं सांगून टाकलं. तू पकडलेलं चिलट नवीन जातीचं निघालं, मी तेव्हा पाहिलं पण माझी चूक झाली.

तिनं बोटांवरचा खडू रुमालाला पुसला.

“मॅडम, तुमी पाह्यलं नव्हतं.”

मी म्हणाले, पाहिलं होतं, तुला शेजारी बसवलं होतं.

“तुमाले मीटिंगले जायचं होतं. उभ्यानंच चिठ्ठीवर लिहून देल्लं. मायक्रोस्कोपचा लाइटबी लावला नव्हता.”

आवाजात राग नव्हता. मला राग आला. मग तोही ओसरला. तेव्हाच का बोलली नाहीस, असं मी विचारलं.

“सही तुमची होती,” ती म्हणाली.

परतीच्या गाडीत मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा उभा करून पाहिला. तिला बसवलेलं स्टूल, दाबलेल्या पट्टीचं ते बोलणं. ते बोलणं मी दर वर्षी प्रत्येक तुकडीला ऐकवत असे. तिला ऐकवल्याचा क्षण काही केल्या सापडेना.

निबंधात तुझं नाव घालू का, असं मी निघतानाच विचारलं होतं. ती म्हणाली, माहेरचं टाका, पकडलं तेव्हा तेच होतं. ज्या एका नमुन्यावर जातीचं नाव कायमचं ठरतं, तो नमुना म्हणून मी माझ्या चारांतला न घेता तिचा जुना नर दिला. निबंध छापून आला. तिला प्रत धाडली. फोनवर म्हणाली, पोरीनं वाचला, तिला फारसा समजला नाही.

आता मी निवृत्त आहे. कॉलेजनं जुनी कपाटं तपासायची परवानगी दिली आहे. लाल शाईच्या माझ्या सह्या किती पेट्यांत आहेत याचा अंदाज अजून आलेला नाही. एकेक पट्टी काढते, दिवा लावते, पाहते. बहुतेकींवरचं नाव बरोबर असतं. पण त्या वेळी मी ती खरंच पाहिली होती की नाही, हे आता मला एकीबद्दलही सांगता येत नाही.