वकीलसाहेबांचं ड्रेसिंग

माझा कुत्र्यांवर राग नाही. राग आहे तो "काही करत नाही हो तो" म्हणणाऱ्या माणसांवर. हे वाक्य ऐकून भाबडेपणाने आत शिरलेल्या आणि पोटरी फोडून घेतलेल्या पार्सलवाल्यांना मी रस्त्याच्या कडेला पट्ट्या बांधल्या आहेत. मी स्वतः एका एजन्सीतर्फे घरोघरी जाऊन ड्रेसिंग करणारी नर्स. गौलीगुड्याहून निघायचं आणि अंबरपेठ, मलकपेठ अशी घरं करत फिरायचं. घरातलं माणूस बाहेर येईपर्यंत गेटची कडी वाजवत राहायचं आणि आत शिरताना बॅग गुडघ्यांपुढे धरायची, हे मी सिलिंडरवाल्यांकडून उचललं.

मलकपेठेतलं ते घर जुन्या मराठी वकिलांचं. वकीलसाहेबांना पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती, आणि पडून पडून कमरेखाली खोल जखम झाली होती. ती रोज साफ केली नसती तर विष अंगात पसरलं असतं. घरात एक अल्सेशियन होता. पहिल्याच दिवशी मी सुनेला बजावलं, "मी असेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत कोंडायचं."

"हौ सिस्टर, कोंडते. पण तुम्ही नाहक परेशान होताय," ती म्हणाली.

काही दिवस ठीक गेले. कुत्रा स्वयंपाकघराच्या दारावर नखं घासायचा, आणि वकीलसाहेबांचा डावा हात खाटेच्या कडेला त्याला चाचपत राहायचा. हाताला डोकं लागलं नाही की म्हातारा रडायचा आणि जेवायला तोंड उघडायचा नाही. शेवटी मुलाने तोडगा काढला. कुत्रा इथेच राहील, पण साखळीने खाटेच्या पायाला बांधलेला. मी नको म्हणत होते, पण तोही वकीलच, माझं कोण ऐकतो!

आधी कुत्रा माझ्यावर भुंकभुंक भुंकला. मग एक दिवस भुंकणं बंद झालं. सून खूश झाली. "बघा, सवय झाली त्याला तुमची."

भुंकणारे कुत्रे चावत नाहीत म्हणतात. न भुंकणाऱ्यांचं काय, ते कुणी सांगत नाही. तो माझ्या तोंडाकडे बघायचाच नाही, हातांकडे बघायचा. जखमेतली पट्टी ओढली की वकीलसाहेब ओरडायचे आणि तो उठून उभा राहायचा. पुढे मी हातमोजे चढवले की उठायला लागला. नंतर नंतर तर मी खोलीत पाऊल टाकायच्या आधीच तो उभा असायचा, कान मागे पाडून, अगदी गप्प.

मी मुलाला म्हटलं, "अहो, जखम साफ करताना दुखणारच. त्याला एवढंच कळतं की ही बाई आली की मालक ओरडतो."

"आजवर कुणाला चावलाय का तो?"

"चावल्यावरच नोटीस पाठवणार आहात का मला?"

तो हसला. मला हसू आलं नाही.

त्या दिवशी जखम चिघळली होती. मी चिमट्याने आतला कापूस काढला आणि वकीलसाहेब असे ओरडले की सून दारात धावत आली. खाट जागची सरकली. गुरगुर नाही, काही नाही, आणि माझा हात कोपराखाली त्याच्या जबड्यात होता. वकीलसाहेब डाव्या मुठीने त्याच्या डोक्यावर मारत होते. त्या बिचाऱ्या मुठीत जोर तो किती! सुनेने पाण्याची बादली ओतली तेव्हा कुठे त्याने सोडलं.

नळाखाली साबणाने हात धूत होते, तेव्हा मुलगा मागे येऊन म्हणाला, "तुमचाच हात जरा जोरात लागला असेल." मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. इंजेक्शनं घेतली. आमच्या एजन्सीने कळवलं, कुत्रा घराबाहेर गेल्याशिवाय कुणीही येणार नाही. मुलाचं उत्तर आलं, तो आमच्या लेकरासारखा आहे, ड्रेसिंग आम्हीच करू.

जखमेची काळजी मला सुटली नव्हती. पण पुन्हा त्या खोलीत जायची हिंमत होत नव्हती.

मग एका दुपारी सुनेचा फोन आला. ती अगदी दबक्या आवाजात बोलत होती.

"सिस्टर, काल यांनी ड्रेसिंग करायला घेतलं, तर यांचा हात फोडला त्याने. आता कुणालाच खाटेजवळ येऊ देत नाही. साखळी सोडायला जावं तर तिथेच बसलाय. बाबांची चादर बदलली नाही, पाणीसुद्धा दारातून लांब काठीने सरकवलं. ते काही त्यांच्या हाताला येत नाही."

"आत्ताच्या आत्ता महापालिकेची कुत्र्यांची गाडी बोलवा," मी ओरडले. "आत कुणी जाऊ नका. मीही निघते."

"गाडी आली तर त्याला नेतील हो."

"आणि नाही आली तर? तुमचे सासरे कसे आहेत ते सांगा आधी."



"ओरडतात," ती म्हणाली. "आता कुणी हात लावत नाही, तरी ओरडतात. आणि ओरडले की तो आमच्याकडे बघतो."