वंशावळीच्या फाईलमधला धाकटा

इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये चौतीस वर्षं काढलेल्या बाईला फाईलची भीती घालू नये. ताईच्या भाच्याने नेमकं तेच केलं.

निवृत्तीनंतर ताईने घराण्याची वंशावळ संगणकावर चढवली होती. चार पिढ्या, सहाशे बारा माणसं. पण छापायला घेतली की दरवेळी तोच घोळ. धाकटा भाऊ आईवडिलांखाली न येता काकांच्या मुलांत जाऊन बसायचा. जन्म त्याचा काकांकडचा खरा, पण दहा दिवसांचा असताना तो या घरात आला तो इथलाच झाला. आता वडिलांच्या जन्मशताब्दीला वंशावळ भिंतीएवढी छापून लावायची होती. धाकटा म्हणायचा, असू दे गं, मला काय फरक पडतो. फरक पडत होता. छापलेला तक्ता समोर आला की तो काहीतरी काम काढून उठायचा, आणि ते ताईच्या जिवाला लागायचं.

भाचा संगणकाच्याच धंद्यातला. फाईलच्या आतलं तुझ्या आवाक्यातलं नाही मावशी, असं तो बोलून गेला. झालं. ताईने फाईल साध्या मजकुरासारखी उघडली, पहिली चाळीस पानं छापून घेतली आणि पट्टी नि लाल पेन्सिल घेऊन जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. घरातले आठवडाभर ताट मांडीवर घेऊन जेवले.

प्रत्येक ओळ आकड्याने सुरू होत होती. शून्य म्हणजे नवी नोंद, एक म्हणजे तिचा तपशील, दोन म्हणजे तपशिलाचा तपशील. माणसांचे नंबर वेगळे, कुटुंबांचे वेगळे, आणि मूल जोडलेलं असायचं ते कुटुंबाच्या नंबराला. धाकट्याच्या नोंदीत असे दोन नंबर होते. दुसऱ्याखाली ‘दत्तक’ असा शेराही होता. सॉफ्टवेअर मात्र पहिला नंबर बघून मोकळं व्हायचं. आणि काकांचा नंबर पहिला घातला कोणी? ताईनेच. आधीची तारीख आधी, ही रेकॉर्ड रूमची सवय. त्या दिवशी ती स्वतःवर इतकी चिडली की कोणी तिच्या वाटेला गेलं नाही.

भाचा म्हणाला, त्यात काय, मामाच्या दोन ओळी खालीवर कर, काम फत्ते.

“त्याला गुपचूप सरकवून बसवायचं नाही,” ताई म्हणाली. “नियमातच तो बसला पाहिजे. तू मला स्क्रिप्ट लिहायला शिकव.”

सहा आठवडे तिने भाच्याला भंडावून सोडलं. शेवटी तिची स्क्रिप्ट, म्हणजे तिने लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम, फाईल वाचून स्वतःच तक्ता मांडू लागली. ‘दत्तक’ शेरा दिसला की मूल वाढवणाऱ्या घरात, आणि जन्मघराची नोंद शेजारी बारीक अक्षरात. पहिल्याच फेरीत धाकटा चार भावंडांशेजारी आला, आणि त्याच नियमाने जुन्या पिढ्यांतली आणखी तिघं आपापल्या घरी परतली. त्यांच्याकडे तर कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. भाचा उठला आणि त्याने मावशीसाठी चहा टाकला.

शताब्दीच्या दिवशी धाकटा त्या भिंतीपुढून हलेना. वडिलांचे एक म्हातारे वकील मित्र काठी टेकत आले आणि हे एवढं कोणी केलं म्हणून विचारू लागले. धाकट्याने ताईचा हात धरून तिला पुढे ओढलं.

“माझ्या सख्ख्या बहिणीने,” तो म्हणाला. वकिलांना कमी ऐकू येत होतं, म्हणून त्याने ते पुन्हा एकदा, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं.