मिनिटाला ब्याण्णव ठोके

तपासनीसबाई दुकानात शिरल्या की दुकानदार आधी तराजूकडे बघायचे आणि मग बाईंकडे. वजनमापांच्या खात्यात त्यांची सव्वीस वर्षं झाली होती. पारड्याच्या खाली चिकटवलेला मेणाचा गोळा, आतून पोखरलेलं किलोचं वजन, तळ आत ठोकलेलं लिटरचं माप, काय काय त्यांनी पकडलं होतं. जो दुकानदार गोड बोलेल त्याचा तराजू त्या दोनदा तपासायच्या. दूधवाल्याने एखाद्या दिवशी माप भरून वर थोडी धार जास्त सोडली, तर बाईंच्या मनात पाल चुकचुकायची : हा आज एवढा उदार का?

रविवारी सकाळी मात्र ह्याच बाई एका हॉटेलच्या हॉलमध्ये, नाश्त्याला आलेल्या लोकांसमोर गिटार वाजवत बसायच्या. गिटार त्या माहेराहून घेऊन आल्या होत्या. सासरी धाकटा दीर ड्रम वाजवणारा निघाला आणि दोघांचं जमून गेलं. दीर त्याच हॉटेलात विजेची कामं बघायचा, त्यामुळे जागाही मिळाली. सतरा वर्षं ही वहिनी-दिराची जोडी दर रविवारी वाजवत होती. बाईंच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, “रविवारी दोन तास बिनधास्त फिरा. आमची ही गिटारवर असते, कुणाचं काही तपासत नाही.”

पण तपासायची सवय गिटार हातात घेतल्याने सुटते थोडीच! एका रविवारी तिसरं गाणं चालू असताना बाईंनी तारांवर तळहात ठेवला आणि भर हॉलमध्ये मागे वळल्या.

“भाऊजी, तुम्ही मागे पडताय. आजच नाही, वर्षभर चाललंय हे. मुद्दाम करताय का?”

लोकांचे चमचे थांबले. दिराने वहिनीकडे पाहिलं, काठ्या काखेत धरल्या, “बरं, वहिनी” एवढंच म्हणाला आणि स्वयंपाकघराच्या दाराने निघून गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

बाईंनी दुसरा ड्रमवाला शोधला नाही. माणूस म्हटला की कसर आलीच, असं म्हणून त्यांनी दोन पेडल आणली. एकात ड्रमचा ठेका भरलेला होता. आकडा लावायचा, मिनिटाला ब्याण्णव ठोके, की ते यंत्र ब्याण्णवच वाजवणार. दुसरं लूप पेडल. पायाने दाबलं की ते गिटार टिपायला लागायचं, पुन्हा दाबलं की टिपलेला तुकडा गोल गोल वाजवत राहायचं. त्या वाजत्या तुकड्यावर बाई पुढची सुरावट वाजवायच्या. दोन्ही यंत्रं एका वायरने जोडली तर लूप पेडल ठेक्याच्या लयीला बांधून राहतं, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. वायरही सोबत दिली होती. बाईंनी ती खणात टाकली. एक यंत्र दुसऱ्याचं ऐकायला लागलं, की चूक कुणाची ते कसं कळणार? त्यांच्या खात्यात दोन तराजू कधी एकमेकांना बांधून तपासत नसत.

पहिल्याच रविवारी घोळ झाला. सोळा ठोक्यांचा तुकडा टिपला, तो छान फिरायला लागला, आणि दोन मिनिटांत ठेका एकीकडे आणि गिटार दुसरीकडे. लग्न मोडल्यासारखी दोघं आपापल्या वाटेने चालली होती. बाईंनी पेडल बंद केलं, पुन्हा टिपलं, पुन्हा तेच. कोपऱ्यातल्या टेबलावरचं एक लहान मूल कानांवर हात ठेवून बसलं.

बाईंना आधी विकणाऱ्याचा संशय आला. त्याने बदलून दुसरं पेडल दिलं, तेही सरकलं. मग हॉटेलच्या विजेचा संशय आला. दाब कमीजास्त होत असेल. आणि विजेवरून विचार करता करता बाई एकदम थांबल्या. हॉटेलातली वीज बघतं कोण? पेडल ज्या कपाटात ठेवतो त्याची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?

“अहो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “हे तुमच्या भावाचं काम आहे.”

नवऱ्याने भिंगातून डोळा वर केला. “तो आठवडाभर दिव्यांच्या माळा दुरुस्त करतोय. तुझ्या पेडलचं काय करेल?”

“रागावलेला माणूस काय करेल सांगता येत नाही.”

शनिवारी दुपारी बाई हॉटेलच्या हॉलमध्ये खांबाच्या आड वर्तमानपत्र उघडून बसल्या. पान उलटायचंही भान नव्हतं, नजर कपाटावर. तीनच्या सुमाराला दीर आला. कपाट उघडलं, वरच्या फळीवरून तारेचं भेंडोळं काढलं. मग वाकला. लूप पेडल हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, शर्टाच्या बाहीने पुसलं आणि जिथल्या तिथे ठेवलं.

बाई वर्तमानपत्र टाकून उभ्या राहिल्या. “भाऊजी! काय केलंत त्याला?”

दीर दचकला. “धूळ होती, वहिनी.”

“धूळ पुसायला उलटं करावं लागतं?”

तो भेंडोळं खांद्यावर टाकून गेला. बाईंना वाटलं, गप्प बसला म्हणजे कबूलच झाला.

सील करायचा चिमटा ऑफिसातला होता, त्यामुळे त्याला त्यांनी हात लावला नाही. सरकारी वस्तू घरच्या कामाला वापरणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. घरून लाख आणि दोरा आणला, पेडलची बटणं आणि आकड्याची चकती दोऱ्याने बांधली आणि वितळलेल्या लाखेवर आपली अंगठी दाबली. आता कुणी बोट लावलं तरी कळणार होतं.

रविवारी सकाळी त्यांनी भिंग घेऊन लाख तपासली. कुठे तडा नाही, अंगठीची नक्षी जशीच्या तशी. आकडा ब्याण्णवच. बाईंनी दोरा कापला, ठेका सुरू केला, तुकडा टिपला. दोन मिनिटांत गिटार पुन्हा एक ठोका पुढे.

खरं तर हायसं वाटायला हवं होतं, पण बाई जास्तच अस्वस्थ झाल्या. चोर आहे म्हणावं तर दाराला कुलूप तसंच!

सोमवारी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि दोन्ही पेडल घेऊन रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बाईकडे गेल्या. ही दुरुस्तीवाली कमी बोलणारी होती. तिने पेडल उघडलं, मोजणीचं यंत्र लावलं, बंद केलं.

“ह्यात काही बिघाड नाही.”

“नीट बघा.”

“बघितलं. आता तुम्ही वाजवा. मी मोजते.”

बाईंनी सोळा ठोक्यांचा तुकडा दहा वेळा टिपला. दुरुस्तीवालीने दहाही वेळा कागदावर काहीतरी लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. “दरवेळी तुमचा पाय लवकर पडतोय. सेकंदाचा विसावा भाग. एका फेरीला कळत नाही. तेरा फेऱ्यांत एक ठोका होतो.”

“कधी लवकर, कधी उशिरा असं असेल.”

“नाही. दहाही वेळा लवकर.”

बाई कागद बघत राहिल्या. कधी इकडे, कधी तिकडे झुकणारा तराजू बिचारा जुना असतो, हे त्यांनी नव्या मुलांना कितीदा शिकवलं होतं. दरवेळी एकाच बाजूला झुकणाऱ्या तराजूला त्या काय म्हणायच्या, हेही त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

घरी येऊन त्यांनी जुनी रेकॉर्डिंग काढली. नवऱ्याने हौसेने हॉलमध्ये केलेली, दहा-बारा वर्षांपूर्वीची. हातात स्टॉपवॉच घेऊन त्या ठोके मोजत बसल्या. गाणं ब्याण्णवला सुरू व्हायचं आणि संपताना शंभरावर गेलेलं असायचं. गिटार आधी पुढे सरकायची आणि ड्रम हलकेच, कुणाला कळू न देता तिच्या मागोमाग. एकाही गाण्यात फट नाही. संध्याकाळपर्यंत बाईंनी नऊ गाणी मोजली. नवऱ्याने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी त्या हॉटेलच्या वीजघरात गेल्या. दीर फ्यूजच्या बोर्डापुढे स्टुलावर बसला होता.

“भाऊजी, कसर माझ्यात होती. सतरा वर्षं तुम्ही माझ्या मागून धावत होतात.”

“धावत कसला? चालत होतो.”

“माहीत होतं तर बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुम्ही माझीच तपासणी काढली असती.” तो जरासा हसला, मग उजवं कोपर चोळत म्हणाला, “आणि खरं सांगू? तुम्ही पुढे निघालात की गाणं खुलायचं. मलाही मजा यायची. पण गेलं वर्षभर हे कोपर धरतंय. तुमच्याबरोबर सरकता येईना. जेमतेम ब्याण्णव धरून ठेवायचो. तुम्हाला वाटलं, मी मागे पडतोय.”

“कोपराचं तरी सांगायचंत!”

“तुमच्या दादाला सांगितलं होतं.”

“कुठला माझा दादा?”

“अहो, माझा दादा. तुमचे ‘अहो’.”

त्या दिवशी चष्म्याच्या दुकानात जे काय बोलणं झालं ते बाहेर बाकावर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांनीही ऐकलं. नवऱ्याचं म्हणणं एवढंच, की त्याने तेव्हाच सांगितलं होतं, पण बाई त्या वेळी भाजीवालीचे बटाटे पुन्हा तोलत होत्या.

आरोप भर हॉलमध्ये केला होता, तेव्हा तो मागेही तिथेच घ्यायला हवा, असं बाईंच्या मनाने घेतलं. रविवारी दिराला हाताला धरून आणलं. गिटार मांडीवर ठेवून त्या लोकांना म्हणाल्या, “मागे मी इथे ह्यांना ‘मागे पडताय’ म्हटलं होतं. मोजून पाहिलं. चूक माझी होती.” दीर लाजून पडद्याकडे बघत राहिला. निम्म्या लोकांना काही कळलंच नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

खणातली वायर बाईंनी बाहेर काढली. आता लूप पेडल ठेक्याला बांधलेलं असतं. पाय लवकर पडला तरी तुकडा पुऱ्या सोळा ठोक्यांचाच होतो. पहिले काही रविवार बाईंना कुणीतरी मागून पदर धरल्यासारखं वाटायचं. सरावाने आता बऱ्यापैकी जमतं. यंत्र ठेका धरतं, म्हणून दिरावर भार नसतो. डॉक्टरांनी तीनच गाण्यांची परवानगी दिली आहे, त्यांतली पहिली दोन तो काठ्यांऐवजी ब्रशने हलक्या हाताने वाजवतो आणि मग खाली बसून नाश्ता करतो.

शेवटचं एक गाणं मात्र त्याच्या हट्टाने पेडलशिवाय होतं. फक्त दोघं. ते संपलं की बाई दरवेळी विचारतात, “भाऊजी, सरकलात ना?”

“छे हो, वहिनी,” तो म्हणतो.

बाईंचा त्याच्यावर काडीचा विश्वास बसत नाही.