शिंक्यावरची विळी

ओल्या पाटीचा वास आला की मला आमच्या दहिवलीच्या घरातली ती सकाळ आठवते. थोरला नुकता रांगायला लागला होता, आणि आमचं सगळं काम जमिनीवर बसून चालायचं, त्यामुळे जे त्याने धरू नये ते नेमकं त्याच्या हाताशी असायचं. मी पाटीवर यादी केली: विळी, चिमणी, घासलेटाची बाटली, सुपारीचा डबा. एकेक वस्तू फडताळात नाहीतर शिंक्यावर ठेवून खूण करत गेले. पण मी पाठ फिरवली की कुणीतरी ती पुन्हा खाली आणायचं. विळी तिसऱ्यांदा वर गेली तेव्हा सासूबाई कडाडल्या, "आता मी शिंक्यात बसून भाजी चिरू का गं?" मी चिडून पाटी-पेन्सिल जमिनीवर टाकली आणि विळी काढायला गेले. वळून बघते तो पोराचा चेहरा काळानिळा, आवाज बंद. अंगणात मोळी टाकायला आलेली कातकरीण धावत आत आली, तिने त्याला पालथा धरून पाठीवर थापा मारल्या आणि त्याच्या तोंडातून पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा खाली पडला. पोर रडलं, मग मीही. "सगलं वर टांगलंस बाय," ती म्हणाली, "आन् ह्ये कुनासाठी ठेवलं व्हतंस?" सासूबाईंनी विळी स्वतः शिंक्यावर ठेवली. आता लेकीचं मूल रांगू लागलंय. सकाळी मी पाटी पुसली, पहिल्या ओळीत 'पेन्सिल' लिहिलं, पेन्सिल फडताळात ठेवली आणि बाकीची यादी तोंडीच केली.