पंक, आरती आणि भाड्याचा फ्लॅट

एका टेबलावर रोज जेवणारी माणसे किस्से जमवत नाहीत. डब्याच्या तळाशी तेल साचावे तसे ते साचतात. २०१४च्या सुमारास सिंगापुरात, पाया लेबारच्या आमच्या ऑफिसात असे एक टेबल होते. तिथे आम्ही तिघे बसत असू : बेलफास्टचा डेक्लन, अलिबागचा नितीन आणि मी. ते दोघे ऑफिसच्या रॉक बँडमध्ये वाजवत. मी रोज विष्णुसहस्रनाम म्हणणारा. माझा बँडशी संबंध नव्हता.

*

डेक्लनने एकदा मला हेडफोन लावून पंक रॉक संगीत ऐकवले.

"हा गोंगाट आहे," मी म्हणालो.

"आहेच. हे संगीत निघाले तेव्हा वर्णद्वेष करणारे रस्त्यावर ओरडत होते. त्यांना कुजबुजून काय उत्तर देणार?"

हेडफोन मी काढला. ते वाक्य मात्र कानातून निघाले नाही.

*

डेक्लनची आई तरुणपणी बेलफास्टच्या एका हॉलमध्ये पंक ऐकायला जाई. शहर तेव्हा कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट असे चिरलेले होते.

"रस्त्यावर पहिला प्रश्न धर्माचा," डेक्लन सांगे, "हॉलमध्ये पहिला प्रश्न, बँड कोणता आवडतो? आईवडील तिथेच भेटले. पंथ वेगळे आहेत हे त्यांना तीन आठवड्यांनी कळले."

"मग?" नितीनने विचारले.

"मग उशीर झाला होता."

*

गणेशोत्सवात नितीनने डेक्लनला आरतीला आणले. हाती झांजा येताच डेक्लनने लय दुप्पट केली. गुरुजींना धाप लागली. पाचव्या आरतीला तो माझ्या कानाशी लागला, "अजून किती? आमचे गाणे दोन मिनिटांत संपते."

"तुम्ही एका गाण्यात एकच गोष्ट मागता," मी म्हणालो. "आमची यादी मोठी आहे."

*

त्याच वर्षी नितीनची बायको तान्ह्या मुलीला घेऊन यायची होती आणि फ्लॅट मिळत नव्हता. एजंट तिथल्या ढंगात सांगत, "सॉरी लाह, ओनरला इंडियन नको. कुकिंगचा वास." असे सात वेळा झाले. आठव्या वेळी डेक्लनने फोन केला. लगेच बोलावणे आले. दोघे तोआ पायोहला फ्लॅट बघायला गेले. मालकीणबाईंनी डेक्लनपुढे चहा ठेवला आणि नितीनकडे बोट दाखवून विचारले, "हा कोण?"

"राहणार हा आहे. मी फक्त त्याचा आवाज."

चहा निवण्याआधी दोघे रस्त्यावर होते.

*

मला संताप आला. "वासावरून माणूस नाकारणे हे पाप आहे," मी टेबलावर म्हणालो. "नितीन, माझा टॅम्पिनीसचा फ्लॅट रिकामा आहे, तू ये. अट एकच. घरात मासळी शिजता कामा नये."

नितीन खाली मान घालून जेवत राहिला. आम्ही मराठीत बोलत होतो, म्हणून डेक्लनने विचारले, "काय म्हणाले?"

"काका फ्लॅट देताहेत," नितीन म्हणाला. "फक्त ओनरला वास नको आहे."

डेक्लनने माझ्याकडे पाहिले. गोंगाटाचा पुरस्कर्ता तो. त्या दिवशी त्याने डब्याचे झाकण हळूच लावले आणि तो उठला.

दुसऱ्या दिवशी मी नितीनच्या डब्याशेजारी किल्ली ठेवली. "आणि अट, काका?" त्याने विचारले. "अट राहिली नाही," मी म्हणालो.

*

कुटुंब आल्यावर पहिल्याच रविवारी नितीनने जेवायला बोलावले. "काका, तुमचे पान वेगळ्या भांड्यांतले," त्याने आवर्जून कळवले होते. लिफ्टचे दार उघडले आणि तळलेल्या बांगड्याचा वास आला. पाऊल अडले. रामाचे नाव घेऊन मी बेल दाबली.

दार डेक्लनने उघडले. मला पाहून तो आत वळला आणि ओरडला, "नितीन, खिडक्या उघड, मालक आला!"

मी चपला काढल्या.