दोन सूर

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. मानवतजवळच्या एका गावात मी शिक्षक होतो. दिवसभर शाळेत उर्दूतून शिकवायचो आणि दिवेलागणीला मारुतीच्या देवळात मराठी भजन म्हणायचो. एकतारी माझ्याकडे असे, म्हणून सूरही मीच लावायचा असा रिवाज पडला होता. सूर मला वडिलांनी दिला. पहिलं वर्षभर त्यांनी मला गाऊच दिलं नव्हतं. तार छेडायची आणि ऐकायची, एवढंच. त्या तयारीचा मला गर्व होता, हे आज कबूल करतो.

मग मुदतीचा ताप आला. जीव वाचला, पण उजवा कान महिनाभर वाहत राहिला. बरा होऊन देवळात गेलो तर काहीतरी बिनसलं होतं. मी सूर लावला की मागची मंडळी चाचपडायची, एकेक जण गप्प व्हायचा. मला वाटायचं, तेच चुकताहेत. एका एकादशीला पखवाज वाजवणारे म्हातारे नारबा जवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, राग नका धरू. सूर चढायलाय तुमचा. थोडे दिवस मागं बसा."

"नारबा, मला तर बरोबर ऐकू येतंय."

"तेच तर कळंना झालंय आमाला बी," ते म्हणाले.

मग मी सकाळ-संध्याकाळ सराव केला. कधी एकतारी नेमकी वाटे, कधी तिच्यातून दोन सूर निघताहेत असं वाटे. तार बदलून पाहिली, फरक पडला नाही. ज्या कानांवर आयुष्यभर विसंबलो तेच खोटं सांगत असतील, तर खरं कुणाला विचारायचं? देवाला विचारावं, तर त्याचं उत्तरही याच कानांनी ऐकायचं. शेवटी गाणं सोडायचं ठरवलं. एकतारी गोदाकाठच्या महादेवाला वाहून टाकावी म्हणून एका पहाटे चालत निघालो. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात.

काठावर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि वारा सुटला होता. देवळाजवळ एक धनगरीण एका कानावर तळहात दाबून, मान तिरपी करून उभी होती. मी काही विचारणार, तोच तिनं हातानं थांबवलं.

"गप ऱ्हावा जरा. कोकरू हरवलंय."

मला वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. ती मात्र सरळ बाभळींच्या गचपणात शिरली आणि कोकरू काखेत मारून परतली. कान झाकून ऐकू कसं आलं, असं मी विचारलं.

"ह्या कानात वाराच भरायलाय. दोन्ही उघडे ठेवले की लय गल्लत होती. मंग गल्लत करणारा झाकायचा," ती म्हणाली आणि मेंढरांमागं निघून गेली.

मी पिंडीसमोर बसलो. ठेवण्याआधी एकदा तार छेडली आणि सहज उजव्या कानावर हात धरला. एकच सूर ऐकू आला, वडिलांनी दिलेला. हात काढला, दोन झाले. पुन्हा झाकला, पुन्हा एक. एकतारी मी नेहमी उजव्या खांद्याशी धरायचो. म्हणजे बिघडलेल्या कानाचंच मी इतके दिवस ऐकत होतो. हसावं की रडावं ते कळेना. एकतारी उचलली आणि घरी आलो.

लगेच काही जमलं नाही. कानात कापसाचा बोळा घालून, एकतारी डावीकडे धरून मी कित्येक महिने मागं बसलो आणि फक्त ऐकलं. पखवाज कोणत्या सुराला मिळवलाय, कोण किती उतरतोय, हे हळूहळू उमगू लागलं. एका संध्याकाळी नारबा म्हणाले, "मास्तर, आज तुमी लावा." मी लावला. मागून कुणी चाचपडलं नाही.

ताप देवानं दिला असं म्हणू, की नुसता गोदाकाठचा तो वारा त्यानं पाठवला असं? धनगरणीचं कोकरू त्याच सकाळी का हरवावं? पुष्कळ विचार केला, पण अजून उलगडत नाही, आणि आता उलगडावं असा हट्टही उरलेला नाही. जे कळलं नाही ते त्याच्या पायाशी ठेवलं आहे. नारबा होते तोवर सूर लावून मी आधी त्यांच्याकडे बघायचो, त्यांनी मान हलवली की मगच पुढं गायचो. ते गेल्यावर शेजारी जो बसेल त्याच्याकडे बघतो. पूर्वी मला हा अपमान वाटला असता. आता ती हललेली मान मला प्रसादासारखी वाटते.